कारागिराचे चरित्र कोणी लिहावे?

हॉलंडमधील हार्लेम या शहरी १८३७ साली विलेम टेन बोम यांनी घड्याळांचे जे दुकान थाटले, ते त्यांचे चिरंजीव कास्पर यांनी पुढे दीर्घकाळ चालविले. परंतु कास्पर टेन बोम हे नाव आज जगात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते प्रायः त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दहा दिवसांमुळेच ठाऊक आहे. जर्मनांच्या अंमलात ज्यूंना घरात आश्रय दिल्यावरून २८ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांना मुलाबाळांसह अटक झाली आणि ९ मार्च रोजी, ८४ वर्षांचे असताना, ते कैदेतच वारले. या मृत्यूचा गौरव व्हावा हे यथोचितच आहे. परंतु त्याच्या तेजात आधीची साठाहून अधिक वर्षे दिसेनाशी होऊ नयेत, असे मला फार वाटते, आणि ती झाली नाहीत याचे श्रेय त्यांची कन्या कॉरी हिला आहे.

कॉरीला हे साधले, कारण ती केवळ कन्या नव्हती. १९२२ साली घड्याळदुरुस्तीचा रीतसर परवाना मिळविणारी ती त्या देशातील पहिली स्त्री. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हायडिंग प्लेस’ या ग्रंथात आणि नंतरच्या आठवणींत तिने वडिलांना कामाच्या मेजाशी बसलेले पाहिले आहे. नौदलाच्या वेधशाळेतील अचूक वेळ आणण्यासाठी दर आठवड्यास आगगाडीने ॲमस्टरडॅमला जाणारे, एखादे दुर्मीळ घड्याळ हाती आले म्हणजे त्याच्या यंत्रात इतके गढून जाणारे की गिऱ्हाइकाला मजुरीचे बिल पाठविण्याचेही भान राहू नये, असे हे गृहस्थ होते. आणि बहिणीच्या आजारपणात दुकानाचे हिशेब कॉरीच्या हाती आले, तेव्हा त्या वह्यांनीच तिला वडिलांच्या स्वभावाचा हा भाग उलगडून दाखविला.

तिने सांगितलेली एक हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. देणी थकली होती, वडील पैशासाठी देवाची प्रार्थना करीत होते, आणि अशा वेळी एका श्रीमंत गिऱ्हाइकाने एक भारी घड्याळ पसंत करून रोख रक्कम मोजली. बोलता बोलता तो म्हणाला की, त्याचा जुना घड्याळजी वारला, आणि त्याच्या मुलाकडून घेतलेले घड्याळ चालेना, म्हणून तो या दुकानी आला. कास्पर यांनी ते घड्याळ मागून घेतले, उघडले, आतला किरकोळ दोष दूर केला, आणि ‘हा तरुण पुढे वडिलांच्याच तोलाचा होईल, त्याच्यावर विश्वास ठेवा’ अशा आशयाचे सांगून घेतलेली सर्व रक्कम परत केली. कॉरी कळवळली, देणी तशीच राहिली होती. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या पोरक्या मुलाची पत आपल्या गल्ल्याहून मोठी मानणाऱ्या माणसाला, दहशतीच्या काळात दाराशी आलेल्या परक्याला आत घेण्यासाठी वेगळे धैर्य कमवावे लागले असेल, असे मला वाटत नाही.

वयाच्या अठराव्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीत दागिन्यांचे छोटे दुकान काढले, तेव्हापासून त्यांचा ज्यू शेजाऱ्यांशी घरोबा होता. त्यांच्या सणांत ते सामील होत, त्यांच्यासोबत धर्मग्रंथाचे वाचन करीत. अटकेनंतर, ‘यापुढे त्रास देणार नाही’ एवढे वचन दिल्यास या वृद्धाला घरी सोडण्यास अधिकारी तयार झाला; त्यावर, घरी गेलो तर उद्या दार ठोठावणाऱ्या गरजूसाठी ते पुन्हा उघडीन, असे कास्पर यांनी स्पष्ट सांगितले. कॉरीच्या खोलीतील खोट्या भिंतीमागे दडलेले सहा जण झडती घेणाऱ्यांच्या हाती लागले नाहीत.

सरकारी दप्तरात अशा मनुष्याचा जन्म, परवाना, अटक आणि मृत्यू यांची नोंद सापडेल; परत केलेल्या पैशांची नोंद तेथे असणे शक्य नाही. ती घरच्यांपाशीच असते, आणि घरचे मात्र बहुधा ‘प्रामाणिक’, ‘कष्टाळू’, ‘निगर्वी’ अशी विशेषणे वाहून मोकळे होतात. आपल्याकडील सोनार-घड्याळजींच्या कुटुंबांनीही या बाबतीत हात आखडता घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वडिलांनी कोणते काम नाकारले, कोणाकडून मजुरी घेतली नाही, कसात खोट दिसली तेव्हा गिऱ्हाइकाला काय सांगितले, कोणत्या उमेदवाराला हाताशी धरून शिकविले, हे लिहावे. आणि दुकान विकण्यापूर्वी, जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी, आई आणि काका हयात असतानाच त्यांना विचारून लिहावे.