नाचता येईना अंगण वाकडं

"तुझा रंग सावळा, लेसरच्या भानगडीत पडू नकोस, डाग पडतील." हनुवटीवरच्या केसांनी वैतागलेल्या मुलीला हा सल्ला आत्या-मावश्यांपासून पार्लरवाल्या ताईंपर्यंत सगळे देतात. समोरच्या क्लिनिकच्या फलकावर मात्र लिहिलेलं असतं : सर्व प्रकारच्या त्वचेसाठी, वेदनारहित, कायमस्वरूपी. दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध भासतात, पण एका मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे. डाग पडलाच तर खापर कातडीवर. "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे, मॅडम." मला खोडायचं आहे ते हे एकमत.

लेसरला केस कळत नाही, रंग कळतो. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ठरावीक वेळेपुरता सोडला, तर त्वचेतलं नेमकं लक्ष्य तापवून आजूबाजूचं वाचवता येतं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडलं. केसांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य. ते केसात असतं तसंच वरच्या कातडीतही असतं, हीच सगळी गोम. गोऱ्या कातडीतला काळा केस सहज सापडतो. सावळ्या कातडीत किरण वाटेतच अडतो आणि तिथेच चटका देतो. नव्वदच्या दशकात आलेलं रूबी लेसर 694 नॅनोमीटरचं होतं, आणि ती तरंगलांबी मेलॅनिन भरपूर शोषून घेतं. 'सावळ्यांना लेसर नको' हा इशारा त्या काळी रास्तच होता. पण तो त्या यंत्राबद्दल होता.

पुढे अलेक्झांड्राइट आलं 755 चं, डायोड 800 ते 810 चं आणि एनडी-याग 1064 चं. तरंगलांबी वाढते तसं मेलॅनिनचं शोषण घटतं आणि किरण खोल उतरतो. म्हणून गडद त्वचेसाठी एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात. कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाढीचे कुरळे केस आत वळून ज्या पुळ्या येतात, त्यांवरही ते वापरलं जातं. दुसरी किल्ली वेळेची. जाळीवरून उतरवलेला पापड क्षणात निवतो, उकडलेला बटाटा आत बराच वेळ पोळतो. वरची कातडी पापडासारखी, काही मिलिसेकंदांत उष्णता सोडून मोकळी होणारी. जाड केसाचं मूळ बटाट्यासारखं. किरणाचा ठोका जरा लांबवला की कातडीला निवायला सवड मिळते आणि मूळ तापत राहतं. शिवाय यंत्राचं टोकच थंड असतं, नाहीतर गार हवेचा झोत असतो. एवढं हाताशी असून कातडी भाजली, तर अंगण वाकडं म्हणणाऱ्याने आधी आपले पाय बघावेत.

आता फलकवाल्यांकडे वळू. 'वेदनारहित' ही थाप आहे. एनडी-याग कातडीला सोडतं तसं केसालाही थोडं सोडतं, म्हणून ऊर्जा जास्त द्यावी लागते आणि दुखतंही जास्त. 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' हे यंत्र निवडून, सेटिंग बदलून खरं करता येतं. पण ते तसं करतात का? त्वचेच्या प्रकारांची फिट्झपॅट्रिक मोजपट्टी 1975 ची. ती निघाली अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवायला, आणि तेही गोऱ्या माणसांना 'उन्हात भाजता की रापता' असं विचारून. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. पण हा आकडा माणसाला चिकटवून भागत नाही, तो अंगाच्या प्रत्येक जागेपुरता बघावा लागतो. पीसीओएस हा हार्मोनचा बिघाड असलेल्या एखाद्या मुलीचे हात गव्हाळ असतात, काख त्याहून गडद, मानेमागच्या घडीत जाडसर, मखमली काळपट पट्टा. त्यात ती नुकतीच तारकर्लीला जाऊन आली असेल तर चेहरा रापलेला. हाताला चाललेली ऊर्जा मानेला लावली की यंत्राच्या टोकाच्या मापाचे चौकोनी ठसे उमटतात. ठोका बरोबर बसला तर काही मिनिटांत केसाच्या मुळाभोवती बारीक लालसर फुगवटा येतो. कातडी राखाडी पडली किंवा फोड धरला तर हात तिथेच थांबला पाहिजे. म्हणून आधी लहानशा जागी चाचणी करायची आणि काही दिवस वाट बघायची. पहिल्याच भेटीत आठ सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला एवढा धीर कुठून असणार?

अतिसावधपणाही अंगलट येतो. 'रंग सावळा आहे, जपून' म्हणत ऊर्जा इतकी खाली ठेवतात की मूळ नुसतं कोमट होतं. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः गडद त्वचेच्या आणि हार्मोन बिघडलेल्या बायकांमध्ये, लेसरनंतर केस वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कारण पुरतं उलगडलेलं नाही, पण अपुऱ्या उष्णतेवर संशय आहे. तेव्हा 'लेसरने माझे केस वाढले' म्हणणारीला कोणी वेड्यात काढू नये.

घरी वापरायची आयपीएल यंत्रं त्या मानाने प्रामाणिक. ती लेसर नव्हेतच, अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत. पण त्यांच्या माहितीपत्रकात त्वचेच्या छटांचा तक्ता असतो आणि सर्वांत गडद छटेवर सरळ फुली असते. अशी फुली मारणारं क्लिनिक मला अजून दिसायचं आहे.

'कायमस्वरूपी'चं काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केसांची 'कायमची घट' एवढंच म्हणू दिलं आहे, समूळ उच्चाटन नव्हे. वाढीच्या टप्प्यातल्या केसालाच किरण नीट लागू पडतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं; आणि पीसीओएसकडे काणाडोळा केला तर नवे केस उगवतच राहतात. मधल्या काळात थ्रेडिंग-वॅक्सिंग बंद, कारण मूळच उपटलं तर तापवायचं काय? रेझर चालतो. पण रेझर म्हटलं की घरात हलकल्लोळ, केस राठ होतील म्हणून! ते होत नाहीत हे मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच तपासून सांगितलं. शंभरी भरत आली तरी आपल्या घरांत बातमी पोचलेली नाही.

'मुळात केस काढायचेच कशाला' असंही काही जण विचारतात. ते जिची हनुवटी तिने ठरवावं.

रंगाची अट खरी असेल तर ती केसाला आहे. पांढरा केस, भुरा केस, तान्ह्या बाळाच्या अंगावरून कणकेच्या गोळ्याने काढतात तसली लव, यांच्यापुढे लेसर हात टेकतं. कातडी कितीही गोरी असो. तिथे इलेक्ट्रोलिसिस लागतं. सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी ते 1875 मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी वापरलं होतं. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून विजेचा प्रवाह सोडायचा. कातडी काळी की गोरी, केस काळा की पांढरा, सुईला फरक पडत नाही. वेळ मात्र फार खातं. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईने हनुवटीवरचे काळे केस काळे आहेत तोवर लेसरने उरकावेत, आणि मागाहून उगवणाऱ्या पांढऱ्यांपुरती सुई राखून ठेवावी.