घरांतील यंत्रें : जुन्या संगणकाची हार्ड डिस्क

बोदवडच्या एका वाचक भगिनी विचारतात : १९९८ सालीं घेतलेला घरचा संगणक हल्लीं सुरू होतांना 'टक् टक्' वाजतो. मामंजींनीं दोन वर्षें खपून लिहिलेला कुलवृत्तान्त त्यांतच आहे. दुकानदार म्हणतो, हार्ड डिस्क बदला. बदलावी काय ?

बदलावी, परंतु आधीं जुनीवरचें सर्व उतरून घ्यावें. डिस्केंतील वाचणाऱ्या शीर्षास आपली जागा सांपडेनाशी झाली, कीं तें पुनःपुन्हां मागें येतें. त्याचाच हा आवाज. यंत्र जितक्या वेळां सुरू करावें तितका धोका वाढतो. म्हणून 'आणखी एकदां पाहूं' हा मोह आवरावा. खान्देशच्या उन्हाळ्यांत तर तो मुळींच नको. आवाज थांबतच नसेल, तर डिस्क घरीं उघडूं नये. ती मजकूर काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावी; खर्च बराच येतो, पण कुलवृत्तान्त दुसऱ्यानें लिहावयाचा नसतो.

डिस्क अद्यापि चालत असेल, तर विजेची तार काढून, पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील वीज उतरवावी व मगच डिस्क सोडवावी. नव्या संगणकास ती यूएसबी जोडणीनें लावून नुसत्या फायली नव्हे, तर सबंध डिस्केचा ठसा घ्यावा. याचें कारण मराठी आहे. विंडोज ९८ मध्यें युनिकोड देवनागरी नव्हती. त्या काळच्या लेखनप्रणाली आपापल्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं मराठी वळणें बसवीत. फाँट मागें राहिला, तर कुलवृत्तान्ताचे ठायीं रोमन अक्षरांची खिचडी दिसते ! कांहीं प्रणालींना छपाईयंत्राच्या खोबणींत बसणारें कुलूपहि असे, तें जपावें.

आतां नवें साधन. आजच्या साटा पद्धतीच्या डिस्का त्या यंत्रांत सरळ बसत नाहींत. तेथें चाळीस टांचण्यांची आयडीई जोडणी असते. वापरलेली जुनी डिस्क मिळते, पण तिचा भरंवसा काय ? त्यापेक्षां काड्यापेटीएवढें कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या जोडणीनें बसवावें, हें आम्हांस बरें वाटतें. (१९५६ सालच्या आयबीएमच्या पहिल्या डिस्केंत चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, आणि मावत पन्नास लक्ष अक्षरें !) कार्ड जुन्या डिस्केहून लहान नसावें, फार मोठेंहि नसावें, कारण त्या सुमाराच्या पुष्कळ यंत्रांचें बायॉस ३२ गिगाबाईटांपलीकडे, व त्याहून जुन्यांचें ८.४ पलीकडे ओळखत नाहीं. पट्टीची तांबडी कड पहिल्या टांचणीकडे ठेवावी व जंपर 'मास्टर'वर असावा.

यंत्र चालूं झालें, कीं पहिल्या दिवशींच कुलवृत्तान्त कागदावर छापून घ्यावा. पुढें तो युनिकोडमध्यें उतरवितांना रफार व जोडाक्षरें बिघडतात. तेव्हां नांवें आणि सनावळ्या त्या छापील प्रतीशीं ताडून मामंजींना वाचून दाखवाव्या. तें होईपर्यंत जुनी डिस्क भंगारांत देऊं नये.