राजधानींतील एक निवांत दिवस

संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोंच घरोघर दिल्लीच्या प्रवासाच्या याद्या होऊं लागतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, राजघाट, बिर्ला मंदिर, वस्तुसंग्रहालय आणि शेवटीं चांदणी चौकांतील खरेदी. हें सारें एका भाड्याच्या मोटारींतून, एका दिवसांत! कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबानेंही हा पराक्रम केला. माणसें नऊ, त्यांत धाकटें सहा वर्षांचें व वडील आमच्या आत्याबाई, वय वर्षें चौऱ्याहत्तर. परत आल्यावर शेजारच्या काकूंनीं विचारलें, “काय काय पाहिलेंत?” आत्याबाई म्हणाल्या, “पायऱ्या! पुष्कळ पायऱ्या पाहिल्या हो.” सगळे हंसले, त्या मात्र हंसल्या नाहींत. आणि वहिनींनीं तर पायऱ्याही पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक दाराशीं “तुम्ही जाऊन या, मी सामानापाशीं बसतें” असें म्हणून त्यांनीं दिल्ली मोटारींत बसून काढली, हें आम्हांला घरीं आल्यावर उमगलें.

म्हणून पुन्हां जाण्याचें ठरलें तेव्हां आत्याबाईंचा बेत आम्हीं मुकाट्यानें मान्य केला: दोन ठिकाणें, दोन वेळां खाणें, आणि मध्यें बसणें. आम्ही पांचच जण गेलों.

महिना फेब्रुवारी निवडावा. पौषांतलें धुकें विरलेलें असतें व ऊन अद्याप सोसवतें. सोमवार मात्र कटाक्षानें टाळावा. राष्ट्रीय संग्रहालय व आधुनिक कलेचें राष्ट्रीय कलादालन, दोन्ही त्या दिवशीं बंद असतात. कांहीं दालनें दुरुस्तीसाठीं मिटलेलीं असतात, तेव्हां अगोदर चौकशी केलेली बरी.

जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाची जन्मकथा मुलांना आधींच सांगून ठेवावी. १९४७–४८ च्या हिवाळ्यांत लंडनला भारतीय कलेचें एक मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं देशांतील निरनिराळ्या संग्रहालयांतून निवडक वस्तु गोळा करून धाडल्या होत्या. त्या परत आल्यावर जेथल्या तेथें वाटून टाकण्यापूर्वीं दिल्लींत मांडल्या गेल्या, आणि इतकें एकत्र आलेलें धन पुन्हां पांगूं द्यावें असें कोणाच्या जिवावर येईना. १५ ऑगस्ट १९४९ रोजीं आजच्या राष्ट्रपतिभवनांत संग्रहालय सुरू झालें; आतांची इमारत १९६० सालीं उघडली. पाहुणे म्हणून आलेल्या वस्तूंनीं घर बांधावयास लावलें, असेंच म्हणावयाचें.

दहाच्या सुमारास आंत शिरावें. पिशव्या सामान ठेवण्याच्या खोलींत द्याव्या. वहिनींचा प्रश्न तेथेंच सुटला. मग तळमजल्यावरील हडप्पा दालन, आणि एवढेंच. तिन्ही मजले पाहण्याचा मोह आवरावा. मोहेंजोदडो येथें १९२६ सालीं सांपडलेली ती ब्रॉंझची नर्तकी पाठ्यपुस्तकांतून इतकी मोठी होऊन बसली आहे कीं मुलें पुतळा शोधीत पुढें निघून जातात. ती आहे साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहूनही कमी. डावा हात बांगड्यांनीं पार भरलेला, उजव्या हातांत चारच, आणि तो हात कमरेवर! आत्याबाई कांचेपाशीं बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “हिला कोणी तरी काम सांगितलेलें दिसतें, आणि ही कांहीं जाणार नाहीं.” साडेचार हजार वर्षांच्या त्या मुलीची एवढी चोख ओळख मला कोठल्याही पुस्तकानें करून दिली नव्हती.

भूक लागण्याच्या आधींच, बाराच्या सुमारास, रिक्षा करून अशोक रोडवरील आंध्र भवन गांठावें. पुढें तेथें गर्दी उसळते. थाळी साधी, परंतु वाढणें सढळ: पुऱ्या, भात, सांबार, रसम्, पचडी, आणि भातावर कोरडी पूड व तूप. पूड तिखट असते. आमच्या धाकट्यानें ती मेतकुटासारखी घेतली व पाण्याचे तीन पेले रिचविले. तेथें सामिष पदार्थही त्याच पंगतीला मिळतात. ज्यांना तें चालत नसेल त्यांनीं मंडी हाउसजवळच्या बंगाली मार्केटांत जावें. दिल्लींत जाऊन वरण-भातच शोधणाऱ्यांबद्दल मला सहानुभूति आहे, आदर नाहीं.

जेवणानंतर तासभर कांहींही पाहूं नये. आम्हीं तेव्हां इंडिया गेटच्या आसपासच्या हिरवळीवर चटई टाकली. आत्याबाई तेथें चक्क झोंपल्या.

तीनला जयपूर हाउस. जयपूरच्या महाराजांसाठीं बांधलेल्या ह्या वाड्यांत १९५४ सालीं कलादालन उघडलें. त्याचे पहिले प्रमुख हर्मन गोएट्झ हे बडोद्याच्या संग्रहालयांतून आलेले, ही गोष्ट आपल्या बडोदेकर वाचकांना सुखवील. येथें अमृता शेरगिलची चित्रें पाहावीं. तिचें आयुष्य अवघें अठ्ठावीस वर्षांचें. १९३५ सालच्या ‘तीन मुली’ ह्या चित्रास १९३७ त मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. रंगीत वस्त्रें ल्यालेल्या तिघी जवळजवळ बसल्या आहेत. एकमेकींशीं बोलत नाहींत, आपल्याकडे पाहत नाहींत. काय ठरलें आहे त्यांच्याविषयीं, आणि कोणीं ठरविलें, एवढाच विचार मनांत येतो.

पांच वाजतां आम्ही चहासाठीं बाहेर जमलों, तों वहिनी नाहींत. मी परत आंत गेलों. त्या त्याच चित्रासमोर बसल्या होत्या, हात मांडीवर, मोकळे. मला पाहून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही व्हा पुढें. पिशव्या तेवढ्या आठवणीनें घ्या.”