सातव्या महिन्याची तपासणी

रामघाटावर सांगवेद विद्यालयाच्या मागच्या गल्ल्यांत शिरलं की दारांवर अजून मराठी आडनावं दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या काशीत काढलेल्या या घरांनी डोहाळजेवण सोडलेलं नाही, पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाजही नाही. सून पुण्याची असेल तर सातव्यात ओटी भरायची आणि ज्ञानगंगा एक्स्प्रेसमध्ये बसवून द्यायचं.

अडचण त्या गाडीपासूनच सुरू होते. गरोदरपणातल्या मधुमेहाची पहिली तपासणी पहिल्याच भेटीत करायची आणि दुसरी 24 ते 28 आठवड्यांत, म्हणजे नेमकी डोहाळजेवणाच्या धामधुमीत. पहिली चांगली आली तरी दुसरी चुकवायची नाही, कारण वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचा जोर याच सुमारास जास्त मोडतात. पण काशीतल्यांना वाटतं, पुण्यात करतीलच. पुण्यातल्यांना वाटतं, झालीच असेल.

खरं तर तपासणी फार सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलिलिटर पाण्यात घालून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली तर निदान झालं. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेल्या या पद्धतीत उपाशी राहावं लागत नाही. काही तज्ज्ञ उपाशीपोटीच्या तपासणीचा आग्रह धरतात, तो गैर नाही. पण लांबून येणाऱ्या बाईला पुन्हा उपाशी बोलावलं तर ती येतेच असं नाही, म्हणून मला सरकारी मार्गदर्शक सूचनांतली ही सोय शहाणपणाची वाटते.

निदान झालं की घरात पहिला शब्द निघतो, ‘एवढं गोड खाल्लंस म्हणून!’ सासूबाई, हे बोलणं थांबवा. आनुवंशिकता, वजन, वय यांचा हिशेब त्यात असतो. पुष्कळ जणींची साखर नुसत्या आहाराने आणि चालण्याने आटोक्यात येते; बाकीच्यांसाठी औषधं आहेत. दुर्लक्ष केलं तर मात्र बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, प्रसूती अडते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते.

तेव्हा ओटीच्या नारळाबरोबर तपासणीचे कागदही बॅगेत ठेवा. आणि ज्यांना हा मधुमेह झाला होता त्यांनी सव्वा महिना उलटला की पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका त्यांना जास्त असतो. बाळाला सहाव्या आठवड्याची लस द्यायला न्यायचंच असतं. त्याच फेरीत आईचंही रक्त द्या.

— काशीकर