बोलता येत नाही म्हणून

‘क्लॅश ऑफ द वूल्व्हज’ (१९२५) या अमेरिकी मूकपटाचं नाव निघालं की लोक आधी कुत्र्याच्या खोट्या दाढीबद्दल बोलतात. लोबो या लांडग्यावर इनाम लागलेलं, म्हणून नायक त्याला दाढी चिकटवतो. प्रसंग अचाट आहे, हसू येतंच. पण सिनेमाची खरी कमाई काट्याच्या प्रसंगात आहे. लोबोच्या पंजात काटा रुततो. जखमी म्होरक्याला कळप जिवंत ठेवत नाही, म्हणून तो लंगडत एकटाच मरायला निघतो. त्या लंगडण्यात दुखणंही आहे आणि ते लपवण्याची धडपडही. नायकाच्या भूमिकेतला चार्ल्स फॅरेल पुढे मोठा स्टार झाला. इथे तो निव्वळ साथीला आहे.

लोबो झालाय रिन टिन टिन, जर्मन शेफर्ड. १९१८ साली फ्रान्समधल्या फ्लिरे गावात, बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जर्मन सैन्याच्या श्वानशाळेत ली डंकन या अमेरिकी सैनिकाला सापडलेलं पिल्लू. ‘कुत्र्याचा कसला अभिनय? मालक सांगतो तसं करतो,’ असं म्हणणारे भेटतात. डंकन कॅमेऱ्याबाहेरून इशारे द्यायचा, हे खरंच. पण मूकपटांचे दिग्दर्शक चालू शॉटमध्ये माणसांनाही ओरडून सूचना द्यायचे. मग ते नट आणि हा सर्कशीतला प्राणी, हा कुठला न्याय?

वॉर्नर ब्रदर्सचा गल्ला या कुत्र्याने भरला. त्याच कंपनीने १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ काढून पडद्याला वाचा दिली आणि १९२९ मध्ये याचा करार संपवला. कारण काय, तर कुत्रे बोलत नाहीत! धंदा म्हणून समजू शकतो, पण कृतघ्नपणा तो कृतघ्नपणाच.

२०२० च्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मधला कुत्रा तर संगणकावर घडवलेला, चित्रीकरणात त्याच्या जागी एक माणूस वावरत होता. कुठल्या प्राण्याचे हाल झाले नाहीत, हे चांगलंच. पण त्याचे माणसासारखे हावभाव मला एक क्षणही पटले नाहीत.

‘क्लॅश’ २००४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत आहे. आपल्या फिल्म सोसायट्यांनी तो मुलांसाठी एकदा जरूर लावावा. जमलं तर पडद्याशेजारी पेटी-तबलाही बसवावा.

— डोअरकीपर