बंदूक, वटवाघूळ आणि ताट

पश्चिम प्रशांत महासागरातले ग्वाम हे बेट आकाराने बृहन्मुंबईपेक्षाही थोडे लहान. दुसऱ्या महायुद्धातील जपानी ताब्याची पावणेतीन वर्षे वगळता १८९८ पासून ते अमेरिकेकडे आहे. तेथील मूळ रहिवासी चामोरो. फळे खाणारे मोठे वटवाघूळ, त्यांच्या भाषेत 'फनिही', हा त्यांचा सणासुदीचा मानाचा पदार्थ होता. नारळाच्या दुधात ते अख्खे शिजवायचे आणि पंख-कातड्यासकट खायचे. आज ही शिकार गुन्हा आहे. पण ती गुन्हा ठरेपर्यंत वटवाघळे जवळजवळ संपली होती आणि त्यांच्याबरोबर वैद्यकशास्त्रातल्या एका मोठ्या कोड्याचा पुरावाही संपत आला होता. शिकारीचा आणि बंदुकीचा कायदा हा आरोग्याचाही कायदा असतो, हे ग्वामकडे पाहिले की पटते.

हे कोडे युद्धानंतर जगापुढे आले. बेटावरच्या चामोरो लोकांत मज्जासंस्थेचा एक असाध्य आजार विलक्षण प्रमाणात आढळत होता. काहींचे स्नायू झिजत आणि हातपाय, जीभ, श्वास एकेक करून निकामी होत. काहींना कंपवातासारखा ताठरपणा आणि स्मृतिभ्रंश गाठत असे. स्थानिकांनी या दोन रूपांना 'लिटिको' आणि 'बोडिग' अशी नावे दिली होती. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी पाहणी केली, तेव्हा स्नायू झिजण्याच्या आजाराचे प्रमाण जगातील इतर ठिकाणांच्या ५० ते १०० पट भरले. दक्षिणेकडील उमाताक गावात तर घरटी रुग्ण सापडावेत अशी स्थिती होती. आनुवंशिकतेचा शोध घेतला गेला, पण साधे, सरळ उत्तर मिळाले नाही. बाहेरून येऊन बेटावर राहिलेल्या काही फिलिपिनो लोकांनाही आजार झाला. नंतर तो आपोआप ओसरत गेला. १९६० नंतर जन्मलेल्यांत तो जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे कारण रक्तात कमी आणि राहणीत जास्त असावे.

संशय पहिल्यांदा गेला तो सायकसच्या बियांवर. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात शोभेला लावतात त्याच कुळातले हे झाड ग्वामच्या रानात वाढते. त्याच्या बिया विषारी असतात, हे चामोरो बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. बिया चिरून, कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून, वाळवून त्या पीठ करीत आणि त्याच्या भाकरी थापत. युद्धकाळात धान्य मिळेना, तेव्हा या पिठावरच अनेक घरे जगली. या संशयाचा एक धागा थेट भारतात येतो. पूर्व विदर्भातील जुन्या माणसांना लाखोळीची डाळ आठवेल. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाऊन राहणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडत. लाखोळीतल्या विषासारखे काही सायकसमध्ये असेल का, या शंकेतून ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आर्थर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६७ मध्ये सायकसच्या बियांत बीएमएए नावाचे एक अमिनो आम्ल सापडले. १९८७ मध्ये ते माकडांना देऊन पाहिले, तेव्हा मज्जासंस्थेला इजा झाल्याची लक्षणे दिसली. पण हिशेब जुळेना. नीट धुतलेल्या पिठात हे द्रव्य इतके थोडे उरे, की माकडांना दिलेल्या मात्रेएवढे पोटात जाण्यासाठी माणसाला अशक्य वाटावे इतके पीठ खावे लागले असते.

२००२ मध्ये वनस्पती आणि लोकजीवन यांचे अभ्यासक पॉल कॉक्स आणि मेंदूविकारतज्ज्ञ-लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी नवी शक्यता मांडली. वटवाघळे सायकसच्या बिया खातात, त्याही न धुता. लहान माशांतला पारा मोठ्या माशात साठत जातो, तसे हे द्रव्य वटवाघळाच्या शरीरात साठत असेल आणि तेथून माणसाच्या ताटात येत असेल. पुढच्याच वर्षी, कित्येक दशकांपूर्वी ग्वाममध्ये पकडलेल्या आणि संग्रहालयात जपून ठेवलेल्या तीन वटवाघळांच्या कातड्यांत बीएमएए मोठ्या प्रमाणात आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

पण फनिही तर पूर्वापार खाल्ले जात होते. मग आजार विसाव्या शतकाच्या मध्यावरच का उसळला? कॉक्स आणि सॅक्स यांनी येथे बंदुकीकडे बोट दाखवले. उंच झाडांवर, कड्यांच्या आडोशाला बसणारे आणि संध्याकाळी उडणारे वटवाघूळ जाळ्याने किंवा काठीने धरणे कष्टाचे काम. त्यामुळे ते सणालाच मिळे, आणि तेही सगळ्यांच्या वाट्याला थोडे थोडे येई. रोख पगार आणि बंदूक आली तशी ही मर्यादा गळून पडली. एका संध्याकाळी घरापुरती शिकार होऊ लागली, वर विकायलाही उरू लागली. चव तीच राहिली, पाककृतीही तीच. बदलले ते प्रमाण. कष्ट हाच तोवर शिकारीचा अलिखित नियम होता. तो मोडला आणि त्याच्या जागी लिखित नियम वेळेवर आला नाही.

परिणाम सर्वांना दिसत होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्वाममधील मारियाना वटवाघळांची संख्या सुमारे ३,००० असल्याचा अंदाज होता. वीस वर्षांनी ती ५० च्या खाली आली. तपकिरी वृक्षसर्प हा युद्धानंतर मालवाहतुकीबरोबर शिरलेला परका सापही त्यांच्या पिलांवर तुटून पडला. ग्वामपुरतीच असलेली वटवाघळाची दुसरी, लहान जात तर कायमची गेली. तिचा शेवटचा ज्ञात जीव १९६८ मध्ये शिकाऱ्यांच्याच गोळीने पडला. अमेरिकेच्या संघीय कायद्याने दोन्ही जातींना संकटग्रस्त ठरवले ते १९८४ मध्ये. नामशेष झालेल्या जातीला सोळा वर्षांनी मिळालेल्या या संरक्षणाचा उपयोग कागदापुरताच.

मागणी मात्र संपली नव्हती. १९७५ ते १९८९ या काळात दोन लाखांहून अधिक वटवाघळे पलाऊ, सामोआ अशा बेटांवरून ग्वाममध्ये आणली गेली. एका बेटाची हौस भागवताना दुसऱ्या बेटांची राने रिकामी होऊ लागली. अखेर १९८९ मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांतील अनेक जातींच्या व्यापारावर बंदी घातली. बंदुकीचा नियम एकाच बेटापुरता आणि उशिराने केला, तर शिकार थांबत नाही, तिची जागा बदलते.

वटवाघळांमुळेच आजार झाला, हे सिद्ध झाले आहे का? नाही. संग्रहालयातली तीन कातडी हा तोकडा पुरावा आहे. काही प्रयोगशाळांना रुग्णांच्या मेंदूत बीएमएए सापडले, तर वेगळ्या पद्धतीने तपासणाऱ्या इतरांना ते सापडले नाही. २०१६ मध्ये माकडांना दीर्घकाळ हे द्रव्य दिल्यावर मेंदूत अल्झायमरसारखे बदल दिसले. पण माकडांच्या आहारात मोजून घातलेली मात्रा आणि चामोरो कुटुंबाचे जेवण यांत अंतर आहे. हा वाद मिटवायला त्या काळातली वटवाघळे हवीत, ती नाहीत. त्या काळातले खाणारे हवेत, ते वृद्ध झाले किंवा गेले. सायकसवरही २००३ पासून बाहेरून आलेल्या खवले किडीने घाला घातला असून त्या झाडांचाच मोठा भाग वाळून गेला आहे. जीव संपतो तेव्हा त्याच्याबरोबर ज्ञानही संपते. स्मृतिभ्रंश आणि कंपवात जगभर वाढत असताना हे नुकसान एकट्या ग्वामचे नाही.

म्हणून चामोरो लोकांच्या ताटाला दोष देणे सोपे असले, तरी चुकीचे ठरेल. विषारी बी आठवडाभर धुऊन खाण्याजोगी करणारा समाज अडाणी नव्हता. त्याच्या हाती नवे हत्यार आले, पण त्या हत्यारासोबत यायला हवा होता तो विचार राज्यकर्त्यांनी केला नाही. आज ग्वाममध्ये बंदूक बाळगायला पोलिसांचे ओळखपत्र लागते, शिकारीला परवाना लागतो. वटवाघळांचा बेटावरचा उरलासुरला आसरा उत्तरेकडील लष्करी हवाई तळाच्या कुंपणाआड आहे, कारण तेथे सामान्यांच्या बंदुका सहज पोहोचत नाहीत.

तरीही बंदूक या बेटाची शत्रूच आहे असे नाही. स्पॅनिश अमलात आणलेली हरणे आणि रानडुकरे तेथील रानाची रोपे फस्त करतात. त्यांची परवान्याने शिकार होते, मांस घरी येते आणि जंगलालाही श्वास घेता येतो. युद्धानंतर डबाबंद मांसाची सवय लागलेल्या आणि मधुमेहाने ग्रासलेल्या बेटावर ताज्या स्थानिक अन्नाचे मोल कमी नाही. म्हणून प्रश्न बंदूक असावी की नसावी एवढाच राहत नाही. ती कशावर, किती आणि कोणत्या हंगामात चालावी, हे प्राणी मोजून आणि खाणाऱ्यांना विश्वासात घेऊन ठरवावे लागते. शिकारीचे खाते आणि आरोग्याचे खाते एका टेबलावर बसले तरच हे शक्य होते. ग्वाममध्ये ती बैठक झाली नाही. जिथे अजून रानात काही शिल्लक आहे, तिथे ती वेळ टळलेली नाही.