आईंच्या साडीचा रंग आणि नवा लॅपटॉप

आमचा जुना लॅपटॉप २०१६ सालचा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला त्याचा प्रोसेसर चालत नाही म्हणे. म्हणजे नवा घेणं आलं. घरात वापरणारे दोघं. नातवाला गेम खेळायचे आणि मला फोटो दुरुस्त करायचे. पैसे मात्र एकाच लॅपटॉपचे.

गेमिंगचा लॅपटॉप म्हटल्यावर माझं नाक वर गेलंच. बत्तीस वर्षं वर्गात "खेळ पुरे, वह्या काढा" म्हणण्यात गेली, सवय जाते थोडीच! पण त्याआधी घडलेली एक गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी घरातल्या जुन्या फोटोंचा अल्बम छापायला घेतला. १९८०च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस पडलेले. त्यातले रंग वेगवेगळ्या वेगाने उडतात, म्हणून असं होतं. सासूबाईंची डाळिंबी रंगाची इरकल साडी मी चार दिवस खपून जुळवली. पडद्यावर छान दिसली. छापून आली ती लालभडक! वन्संनी अल्बम उघडला आणि एवढंच म्हणाल्या, "आई अशी भडक कधीच नेसली नाही गं." मला रात्रभर झोप नाही. आई जाऊन वीस वर्षं झाली, त्यांची आठवण मीच बिघडवली असं वाटत राहिलं.

दोष पडद्याचा होता. तो लाल रंग मुळात फिका दाखवायचा, म्हणून मी रंग चढवत गेले, आणि कागदाने तो खरा मानला. अल्बमवाल्याने त्याच्या पडद्यावर सुधारून ते पान पुन्हा छापून दिलं, तेव्हा आई आईंसारख्या दिसल्या.

म्हणून या वेळी नाशिकच्या दुकानात ती नीट छापलेली प्रत आणि पेन ड्राइव्हवर तीच फाइल घेऊन गेले. विक्रेता मुलगा चांगला होता, पण त्याचं सगळं बोलणं ग्राफिक्स कार्ड आणि १४४ हर्ट्झ यांवरच. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. खेळाला उत्तम, पण रंगाशी त्याचा काही संबंध नाही. मी फोटो उघडून प्रत शेजारी धरली. पहिल्या लॅपटॉपवर साडी विटकरी! माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं. तिथेच ओळखायचं. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेल्यावर साडी डाळिंबी दिसली. दोन्हींत ग्राफिक्स कार्ड एकच, किंमतीत थोडाच फरक.

नातूही माझ्या नकळत अभ्यास करून आला होता. "आजी, कार्डाचं नाव बघू नकोस, वॅट बघ." आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपच्या ठेवणीप्रमाणे ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवलेलं असतं. कमी वॅटचं कार्ड खेळात मागे पडतं. हे मला कुणी सांगितलं नसतं.

आणि माझंही एक मत बदललं. नांदूर मध्यमेश्वरला पहाटे काढलेल्या पक्ष्यांच्या रॉ फोटोंवर दाणे दिसतात. लाइटरूममधली ते काढायची एआयवाली सोय ग्राफिक्स कार्डावरच भराभर चालते. म्हणजे नातवाचं खेळणं माझंही हत्यार! उलट त्याला चांगल्या पडद्यावर अडचण काही नाही. आमच्या वयाचे लोक 'साधा लॅपटॉप पुरे' म्हणून घेतात आणि नेमका सगळ्यात वाईट पडदा घरी आणतात. फोटोचं काम करणाऱ्यांनी तरी तसं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे कमी पडले तर साठवणुकीत काटछाट करा, बाहेरची डिस्क नंतर लावता येते. रॅम १६ जीबी असू दे, आणि पुढे वाढवता येते का ते विचारा. काहींत ती बोर्डालाच डाक दिलेली असते. पडदा मात्र नंतर कोण बदलत बसतं?

तक्रारी आहेतच. वजन चार्जरसकट तीन किलो, आणि खेळ सुरू झाला की पंखा असा घोंघावतो की मी देवघरात जाऊन बसते. असो.

वन्सं, तुमच्या लग्नातले रंगीत फोटो आता घेतलेत. शालू हिरवा होता की मोरपंखी, यावर आमच्यात वाद आहे. तेवढं कळवा.